पन्हळीवरची टकटक

मित्रांनो, जवळ या, पण हात मागे बांधून या. मी एक जुनी कुट्टीमशीन आहे. गुरांचा चारा बारीक कापणे हे माझे काम. एका अंगाला मोठे लोखंडी चाक, त्यावर दोन वाकडी पाती आणि समोर पेंढी सरकवायची लांब लाकडी पन्हळ, एवढाच माझा संसार. हल्ली मी जुन्या शेती-अवजारांच्या संग्रहालयात असते. माझ्या एका पात्यावर काळा डाग आहे. इथला मिस्त्री त्याला गंज म्हणतो. म्हणू दे बापडा.

मला घडवणारा लोहार भलताच चिकित्सक होता. स्वतःच्या मिशीचा केस कापून तो पात्याची धार पाहायचा, त्यामुळे त्याची डावी मिशी कायम आखूड असे. त्याच्याकडून मला एका शेतकऱ्याने घेतले. त्याच्या गोठ्यात बारा गुरे होती. चाक फिरवायला थोरला मुलगा आणि पेंढी सरकवायला त्याची धाकटी बहीण. चाकाच्या आड धाकटीचे हात थोरल्याला दिसत नसत, म्हणून बापाने एक रीत घालून दिली. हात बाहेर काढला की धाकटीने पन्हळीवर बोटाने दोनदा टकटक करायची, आणि ती ऐकल्यावरच थोरल्याने चाक फिरवायचे. सहा वर्षे ही रीत चुकली नाही. शेजारीपाजारी माझे कौतुक करत आणि मीही जरा चढून गेले होते.

एका दुपारी पेंढी आत अडकली. धाकटी मान वळवून, कोपरापर्यंत हात घालून ती ओढत होती. तेवढ्यात एक कोंबडी पन्हळीच्या टोकावर चढली आणि सांडलेले दाणे टिपू लागली. टक. टक. थोरल्याने चाक फिरवले.

धाकटीची तीन बोटे गेली. तिच्या किंकाळीने कोंबडी उडून गेली. त्या कोंबडीला पाहिले ते फक्त मी, आणि मला वाचा नाही.

थोरला पुन्हा पुन्हा सांगत होता की टकटक ऐकली. बापाने काठी उचलली, तेव्हा धाकटी म्हणाली की मीच वाजवले आणि परत हात घातला. बापाला ते पटले, थोरल्याला नाही. बहीण आपल्याला पाठीशी घालते आहे, हे त्याने ओळखले. मग आपण ऐकले ते काय? घाईत आपल्याच कानांनी आपल्याला फसवले, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. पुढे दारावर कुणी थाप मारली तरी तो उठत नसे. नावाने हाक मारावी लागे.

मला कोपऱ्यात टाकले. पुष्कळ वर्षे कोंबड्याच माझ्यावर बसत. शेवटी संग्रहालयाची गाडी आली. इथे रिकाम्या दालनात, उन्हे तापली की कधीकधी माझ्या पन्हळीवर दोनदा टकटक होते. लाकूड वाळले की वाजतेच, असे मिस्त्री म्हणतो. मला मात्र तिची भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात इथे शेतीचा आणि खाण्यापिण्याचा मेळा भरला. अंगणात भट्टीतला गरम पाव, मधाच्या बरण्या, ताजे लोणी. कुंपणात वासरे, शेळ्या, कोंबड्या. मला तेलपाणी करून बाहेर मांडले आणि चालवून दाखवायला जुन्या मालकांनाच बोलावले. दोघे भावंडे आली. दोघांचेही केस पिकलेले. थोरला चाकाला हात लावेना.

धाकटी हळूच म्हणाली, "दादा, चाळीस वर्षं तू माझ्या या हाताकडे बघितलेलं नाहीस. आज एकदा माझ्याबरोबर कुट्टी काप. मग मी परत काही मागणार नाही."

त्याने चाक धरले. तिने त्याच अर्ध्या हाताने पेंढी सरकवली. लोक पाव खात पाहत होते. आणि कुंपणातून निसटलेली एक कोंबडी माझ्या पन्हळीच्या टोकावर चढली.

टक. टक.

चाक तसूभर हलले. माझ्या अंगातले तेल गोठले. पण थोरल्याचा आपल्या कानांवर विश्वास कुठे उरला होता? त्याने चाक सोडले, वळसा घालून आला आणि वाकून पाहिले. बहिणीचा हात अजून आतच होता. कोंबडी निवांत दाणे टिपत होती.

"मी ऐकली होती गं," तो म्हणाला. "तेव्हाही ऐकली होती."

धाकटीने कोंबडीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा तुला मारतील म्हणून मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आणि तू खरं बोलत असशील, असं मला एकदाही वाटलं नाही."

दोघे माझ्या पन्हळीला टेकून रडले. लोकांचे घास हातातच राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, पेंढी पुन्हा आत सरकवून हात बाहेर काढला आणि उरलेल्या बोटाने टकटक केली. थोरल्याने तरीही वाकून पाहिले, आणि मगच चाक फिरवले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तेल द्या, सावली द्या, एवढे तर मी मागेनच. पण त्याहून मोठे मागणे असे, की इशारा कितीही स्पष्ट ऐकू आला तरी चाकाला हात घालण्याआधी एकदा वाकून पाहा. दालन रिकामे झाले की ती टकटक मला अजून ऐकू येते. आता मी तिला भीत नाही. फक्त कुणीतरी वाकेल म्हणून वाट पाहते.