जादा गोळी

आमचे हे शिंपी. दिलेल्या तारखेला कपडा तयार, असं आमच्या दुकानात कधी घडलेलं नाही. "उद्या या," हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. आणि कंपवाताचं दुखणं असं मागे लागलं, की हात थरथरतो, पाय अडखळतो आणि गोळी मात्र घड्याळ लावून घ्यावी लागते. मला मेलीला हसू येतं, काय करू!

लेक वकील झाली. तिचा पहिला काळा कोट आपणच बेतायचा, हा ह्यांचा हट्ट. "एवढा कापला की कात्री कायमची ठेवली तरी चालेल," म्हणाले. ते ऐकून मात्र मला हसू आलं नाही.

बेतायच्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत काजं करत होते. बाहेर येऊन बघते तर हे आरशापुढे डुलताहेत! मान एकीकडे, खांदे दुसरीकडे, गळ्यातली टेप लोंबतेय.

"लेकीच्या कोटाच्या आनंदात नाचायला लागलात की काय?"

"नाचत नाहीये गं. थांबताच येत नाहीये." कपाळ घामानं डबडबलं होतं.

मी गोळ्यांची डबी उघडली. दुपारचा कप्पा सकाळीच रिकामा.

"हात जरासुद्धा हलू नये म्हणून एक जादा घेतली," ते पुटपुटले. "शिवणीत नाही का आपण थोडं जास्तीचं कापड सोडत?"

"अहो, शिवण उसवता येते! पोटातली गोळी कुठून उसवू?"

चिडून मी डबीच कपाटात कोंबली. आता एकही मिळायची नाही! आवाज ऐकून आलेल्या लेकीनं तोवर डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. त्यांनी लगेच बोलावलं, तपासलं आणि दोघांनाही फैलावर घेतलं. "गोळी जास्त झाली की अंग असं आपोआप डुलायला लागतं. मनानं वाढवायची नाही. आणि रागानं एकदम बंद तर मुळीच करायची नाही, जिवावर बेतेल. काही वाटलं तर आधी मला विचारा."

दोन दिवसांनी, गोळी वेळेवर घेऊन, हात स्थिरावल्यावर त्यांनी कात्री धरली. कापड मी ताणून धरलं. खांद्यापाशी कात्री जराशी वळलीच.

"चुकलो," ते म्हणाले.

"शिवणीत जाईल," मी म्हटलं.

कोट चक्क वेळेत झाला. लेक तो घालून कोर्टात गेली. ह्यांनी कात्री पुसून टेबलावर ठेवली. मला त्यांचं ते कात्री कायमची ठेवायचं बोलणं आठवलं. भीत भीत विचारलं, "माझं कापड कधीचं पडलंय. ते कधी बेतणार?"

"उद्या ये," ते म्हणाले.

या शब्दांवरून मी जन्मभर भांडले. त्या दिवशी मात्र काळ्या कापडाची चिंधी उचलली आणि गुपचूप डोळे पुसले.