पत्र्यावरचे दगड

बंदेनवाजच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे ईरप्पांना रोज दाढी करताना आठवायचं, आणि मग ते दाढी आटोपती घ्यायचे. पत्र होळीच्या सुमारास आलं होतं. बंदेनवाज काही परगावी राहत नव्हता. भवानी पेठेत दोघांच्या घरांत एकच भिंत. त्याच्याकडे फोडणी पडली की ईरप्पांना ठसका लागायचा. तरी पत्र आलं ते पोस्टानं, पोस्टमननं सही घेऊन दिलेलं. शेजारी असं पत्र पाठवतो ते कोर्टाची पायरी चढायच्या आधी, एवढं जग ईरप्पांना ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

मजकूर साधा होता. तुमच्या पत्र्यावर दगड ठेवलेले आहेत. वादळात ते आमच्या अंगणात पडतील. तिथं बाजेवर आमची नात मारिया झोपते. दगड उतरवून पत्र्याला हूक मारून घ्यावेत. मी मदत करतो.

हे 'मदत करतो' ईरप्पांना खुपलं. याच बंदेनवाजनं दिवाळीत विचारलं होतं, "काका, जागा कधी विकायला काढायची झाली तर आधी मला सांगा हां. टेम्पो लावायला बरी पडेल." तेव्हा ईरप्पा नुसते हसले होते. आता ते हसणं होकारासारखं तर दिसलं नसेल ना, अशी शंका त्यांना येत होती.

दगड काय त्यांच्या एकट्याच्या पत्र्यावर नव्हते. गल्लीत सगळ्यांचेच होते. गेल्या वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं मागच्या गल्लीतलं अख्खं छप्पर उचलून रस्त्यावर नेऊन टाकलं, ईरप्पांचं मात्र राहिलं. त्या छपराखाली बायको दाक्षायणी होती आणि पुस्तकं होती. जपण्यासारखं दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतं. हूक मारायचा म्हणजे पत्र्याला भोक पाडायचं. भोक पडलं की पाणी आलं आणि पाणी आलं की पुस्तकं गेली. हे सगळं नीट शब्दांत मांडायला ते बसायचे. वाचनालयात उभी हयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात गेली होती, स्वतःची चार वाक्यं मात्र त्यांना कधी पसंत पडली नाहीत. कागद फाडला जायचा.

मे महिन्यात दगड कमी होऊ लागले.

ईरप्पा रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जायचे. परत येताना समोरच्या ओट्याशी थांबून छपराकडे पाहायची सवय त्यांना त्या पत्रानंतरच लागली होती. एक दिवस पन्हाळीजवळचा मोठा काळा दगड दिसेना. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. चार दिवसांनी त्याच्या शेजारचाही गेला. रिकाम्या जागी काहीतरी चकाकत होतं. ते पूर्वीपासून होतं की नव्हतं, त्यांना आठवेना.

"पत्र्यावर कुणी चढलं होतं का गं?" त्यांनी जेवताना विचारलं.

"मांजर चढतंय की," दाक्षायणी म्हणाली. तिनं वर पाहिलंही नाही.

मोरीत तीन कप विसळून पालथे घातलेले होते. घरात माणसं दोन. ईरप्पांनी कपांकडे पाहिलं आणि कढी भुरकली.

आता त्यांना सगळीकडे खुणा दिसू लागल्या. बंदेनवाज भेटला की हल्ली जरा जास्तच अदबीनं सलाम करतो. त्याची बायको शमशाद दाक्षायणीला परसामागच्या बोळातून काहीतरी सांगत असते, ईरप्पा आले की दोघी आंब्यांचा भाव काढतात. आणि मग बोळातच, बंदेनवाजच्या भिंतीला लागून, रचून ठेवलेले दगड त्यांना दिसले. त्यांचेच. डाव सरळ होता. दगड काढायचे, छप्पर उडू द्यायचं, मग म्हातारा आपसूक जागा विकेल. यात दाक्षायणी कशी सामील झाली, एवढंच कोडं सुटत नव्हतं. तो विचार आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. तरी तो यायचाच.

शनिवारी दुपारी कोंदल्यासारखं झालं. पश्चिमेकडून आभाळ तांबूस काळं होत आलं. मोबाईलवर वादळाचा इशारा किंचाळला. दाक्षायणी शमशादकडे मेणबत्त्या मागायला गेली होती. ईरप्पा परसात आले. बोळातले दगड आणावेत तर बंदेनवाज पाहील, आणि दगड जडही. मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा परसात पडून होता. पाटा काही त्यांच्यानं हलेना. त्यांनी वरवंटा छातीशी धरला, शिडीच्या पायऱ्या चढले आणि रिकाम्या जागेवर, बंदेनवाजच्या बाजूच्या उतारावर, तो आडवा ठेवला. त्याला विटेचा तुकडा लावला. खाली उतरल्यावर, कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी करून दाखवलं, असं त्यांना वाटलं.

दाक्षायणी धावतच आली. "फ्रीजची पिन काढा. टीव्हीचीबी. खिडक्या लावून घ्या, उगं बघत काय बसलाय!" तिनं पुस्तकांच्या कपाटावर मेणकापड टाकलं, पाण्याच्या कळश्या आत घेतल्या आणि त्यांना ओढून मधल्या खोलीत भिंतीशी बसवलं.

मग वारा आला. पत्रे थाडथाड वाजू लागले. उन्हासाठी पत्र्याखाली मारलेलं थर्माकोलचं छत खालीवर श्वास घेऊ लागलं. न्हाणीकडचा कोपरा तर असा आपटत होता की, आता गेला, आता गेला असं ईरप्पांना होत होतं. पण उरलेलं छप्पर जागचं हललं नाही.

"बघ," ते पुटपुटले, "दगड लागतोच."

"कुठला दगड?"

तेवढ्यात वर काहीतरी गडगडत गेलं. पलीकडे धाडकन आवाज झाला, आणि शमशादची किंकाळी ऐकू आली.

वारा पडायच्या आतच दारावर थाप पडली. बंदेनवाज निथळत उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत वरवंटा होता.

"काकी, ये तुमचाच ना? बाजेचा दांडा मोडून खाली पडला. पोरगी त्याच बाजेवर होती. वारा सुटला म्हणून आमच्या हिनं उचलून आत नेली, नाहीतर..."

ईरप्पा घाबरले. आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं, आयुष्यात कुणाला न बोललेलं ते बोलून गेले. "आणि माझे दगड? ते कुणी चोरले?"

बंदेनवाजनं वरवंटा हळूच उंबऱ्याशी ठेवला. त्यानं दाक्षायणीकडे पाहिलं.

"मी काढायला लावले," ती म्हणाली. "तुमी वाचनालयात गेलात की हे भाऊ हूक मारायला यायचे. चारदा तोंडानं सांगितलं त्यांनी तुमाला, तुमी 'बघतो' म्हणालात. मग बिचाऱ्यांनी पत्र पाठवलं, पुस्तकवाला माणूस, लिहिलेलं तरी वाचंल म्हणून. तुमचं उत्तर यायच्या आत पाऊस आला असता हो! सगळीकडं हूक बसलेत. न्हाणीकडचा कोपरा तेवढा राहिलाय. एक थेंब तरी गळला का बघा."

ईरप्पांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं. मेणकापड कोरडं होतं.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर भोकं पाडू दिली असती?"



"सही घेऊन कशाला पाठवलंत?" त्यांनी बंदेनवाजला विचारलं.

"साधं पाठवलं तर पोचलं का नाही कसं कळणार, काका? तुम्ही तर बोलत नाही." बंदेनवाजनं तोंडावरचं पाणी पुसलं. "कोपरा राहिलाय. उद्या-परवा परत वारा सांगितलाय. पण मी आता तुमच्या पत्र्यावर पाय ठेवणार नाही. चोर म्हणवून घ्यायला नाही चढत मी. आधी तुमचं उत्तर येऊ द्या."

"अहो, आत या की, चहा टाकते," दाक्षायणी म्हणाली. पण तो गेला.

ईरप्पा कागद घेऊन बसले. वाऱ्याची एखादी झुळूक आली की न्हाणीकडे पत्रा खणकायचा आणि लेखणी थांबायची. 'आपले पत्र मिळाले' इथपर्यंत ते नेहमीच यायचे. या वेळी त्यांनी पुढचं लिहिलं. तुमच्या नातीच्या जिवावर बेतलं असतं, आणि ते माझ्या हातून. चोर म्हणालो, ते चुकलो. उरलेल्या कोपऱ्याला हूक मारावा, मी घरी असेन आणि शिडी धरेन. मग जरा थांबून त्यांनी एक ओळ आणखी घातली. जागा विकायची नाही. ती ओळ खोडावी का, यावर त्यांनी बराच वेळ घालवला आणि राहू दिली.

"भिंतीपलीकडं तर राहतात, हातात नेऊन द्या की," दाक्षायणी म्हणाली.

"हातात दिलं तर बोलावं लागेल."

सोमवारी पोस्टाचं दार उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. आभाळ पुन्हा तांबूस होत होतं. खिडकीतल्या बाईनं पाकीट उलटंपालटं केलं.

"आजोबा, पाठवणारा आणि घेणारा एकाच गल्लीतले?"

"एकाच भिंतीचे," ईरप्पा म्हणाले. आणखी काही विचारते की काय, या भीतीनं ते पाकिटाकडेच पाहत राहिले. "आजच मिळेल का?"

"आज कसं मिळेल? उद्या."

त्यांनी बाहेर आभाळाकडे पाहिलं, मग पैसे सरकवले. "पाठवा. सही घेऊनच द्यायला सांगा."

बाईनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.