स्काल्बीच्या बंबाची सभा

विषय एक. सभा चालवणाऱ्याची निवड

डॅग्नी. दरवर्षी डॅग्नीच. निम्म्या गावाला तिनेच शाळेत वाचायला शिकवलं, त्यामुळे ती ‘बसा’ म्हणाली की साठीची माणसंही बसतात. त्याआधी गाणं झालं. डेन्मार्कात गाण्याशिवाय सभा सुरू होत नाही, मग ती कुत्रेवाल्यांची असो की कबरस्तानाची. विबेके होल्मनेही पुस्तक उघडून नुसतं तोंड हलवलं.

समाजगृहात लांब टेबलं मांडली होती. त्यांवर गुंडाळीतून फाडून अंथरलेला पांढरा कागद, थर्मासमधली कॉफी, क्रीमचा केक. खिडकीखालचा, खोली ऊबदार ठेवणारा रेडिएटर तापलेला. त्यातलं पाणी गावाबाहेरच्या बंबातून येतं. बंब म्हणायचं म्हणून म्हणायचं. आहे ती उंच चिमणीची मोठी शेड. तिथे गव्हाचं काड जळतं आणि रस्त्यांखालच्या नळांतून ऊन पाणी घरोघरी जातं. बंब कुणा एकाचा नाही. ज्याच्या घरात त्याचं पाणी येतं, त्याचा तो बंब.

विषय दोन. मंडळाचा अहवाल

ट्रोल्स उभा राहिला. सायकलींचं दुकान चालवणारा, मंडळाचा अध्यक्ष, आणि बंबाच्या तक्रारींचा फोन रात्री उशाशी घेऊन झोपणारा माणूस. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळ्या गावाच्या ओळखीची होती. काड ओलं आलं, पंप बदलला, चिमणी झाडली, असं वाचत तो शेवटच्या पानावर आला आणि आवाज न बदलता म्हणाला, “आणि मंडळाने बंब शहरातल्या कंपनीला द्यायचं ठरवलं आहे. कंपनीतर्फे यास्पर आले आहेत. ऊन पाणी नळाने शहरातूनच येईल, इथे काड जाळायला नको. आपल्याला काहीच करावं लागणार नाही.”

नव्या कोऱ्या स्वेटरातला यास्पर अर्धवट उठून हसला.

“अहवाल मंजूर आहे असं धरू या?” डॅग्नी म्हणाली.

स्काल्बीत अहवाल टाळ्यांनी मंजूर होतो. पसंत असो, नसो. एखाद्याला पटलं नाही तर तो जरा हळू वाजवतो, एवढाच काय तो विरोध. सगळ्यांचे हात टाळीसाठी वर आले.

विषय दोन, इथे मोडला

(हे सभेत घडलं नाही. विबेकेचे हात मांडीवरून उठेनात, तेवढ्या वेळात हे तिच्या डोक्यात घडलं.)

शहरातला फ्लॅट. काही वर्षांपूर्वीचा जानेवारी. तिचा नवरा मोगेन्स फुप्फुसांनी आजारी. जिन्यात कुणी मीटर बदलून गेलं आणि त्या संध्याकाळी रेडिएटर गार पडले. तिने कंपनीला फोन केला. गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं, “तुमचं घर आमच्याकडे रिकामं दिसतंय.”

“रिकामं कसं? मी बोलतेय ना घरातून.”

“हो, पण आमच्याकडे रिकामं दिसतंय. रिकाम्या घराच्या पाण्याची झडप बंद करतात.”

दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज, तितकाच गोड. तिसऱ्या दिवशी तिसरा. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाने हळहळायचं. झडप तळघरात, तळघराला कुलूप, किल्ली कंपनीकडे. मोगेन्स ओव्हरकोट घालून पलंगावर बसायचा आणि म्हणायचा, “विबे, आपण गेलो की काय? विचार बरं त्यांना.” आठवडाभराने एक माणूस आला. त्याने झडप फिरवली, खोलीभर नजर टाकली आणि निघून गेला. मोगेन्स वसंतात वारला. थंडीने वारला असं कुणी म्हणत नाही. तीही म्हणत नाही.

मग ती स्काल्बीला आली. पहिल्याच हिवाळ्यात घर गार पडलं तेव्हा तिने फोन केला आणि ट्रोल्स पायजम्यावर कोट चढवून आला. झडपेला शिव्या घालत त्याने ती सोडवली आणि जाताना तिच्या ओट्यावरचं केळं उचलून खाल्लं. त्या केळ्यापायी ती या गावाची झाली.

कंपनी तीच होती. स्वेटर तेवढा नवा.

विषय दोन, पुढे चालू

टाळ्या संपल्या. विबेकेने हात वर केला.

“मी टाळी वाजवली नाही,” ती म्हणाली.

“राहू दे गं,” शेजारची बोडिल कुजबुजली. “नंतर वाजव.”

“बंब विकायचा तर वेगळा विषय लागतो. मत लागतं. ट्रोल्स, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

“लपवलं कुठे? वाचून दाखवलं की.”

“पंप आणि चिमणीच्या मागे ठेवून वाचलंस.”

“विबेके, तू इथे येऊन किती दिवस झाले?” मागून एगॉन म्हणाला. बंबाला काड पुरवणारा शेतकरी, आवाज ट्रॅक्टरवर बसून कमावलेला. “आम्ही हा बंब बांधला तेव्हा तू शहरात कॉफीवर फेसाची फुलं काढून घेत होतीस.”

लोक हसले. विबेकेचे कान तापले, पण ती बसली नाही.

“मग तुम्हीच बांधलेला विकताना टाळी कसली वाजवता? मला चिठ्ठीने मत हवंय.”

डॅग्नीने चष्मा लावून नियमांची पुस्तिका चाळली. सभा थांबली. कुणीतरी केकवर हात मारला.

“एकाने जरी मागितलं तरी चिठ्ठी द्यावी लागते,” डॅग्नी म्हणाली. “आणि विकायचं तर दर तिघांतल्या दोघांनी हो म्हणायला हवं. ट्रोल्स, चिठ्ठ्या कुठे आहेत?”

ट्रोल्सने मंडळाकडे पाहिलं. मंडळाने केकाकडे पाहिलं. चिठ्ठ्या नव्हत्या. बंब उभा राहिल्यापासून कुणी मागितल्याच नव्हत्या.

विषय तीन. हिशेब

(यावर कधी कुणी बोलत नाही. आजही नाही.)

विषय साडेतीन. छापील कागदावर नसलेला

“सोडतीची तिकिटं आहेत,” बोडिलने सुचवलं. “केकनंतरच्या सोडतीची.”

“त्यांवर आकडे आहेत,” विबेके म्हणाली. “कुणाचं काय ते कळेल.”

“आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?”

“काही नाही ना? मग कोरा कागद घ्यायला काय हरकत?”

कोरा कागद म्हणजे टेबलावरचा. कप उचलले गेले, ताटल्या मांडीवर आल्या. डॅग्नीने पट्टी लावून कागद चर्र चर्र फाडायला घेतला. काही चिठ्ठ्यांवर कॉफीचे गोल उमटलेले, काहींवर क्रीम. एगॉनच्या चिठ्ठीला केकाचा लाल जॅम लागला होता. ती कुणाची हे आंधळ्यालाही कळलं असतं.

यास्पर बोलायला उठला. “मी एवढंच सांगतो, आमच्याकडे चोवीस तास मदत मिळते.”

“कुठल्या गावात बसतात ते मदत करणारे?” विबेकेने विचारलं.

“तसं एक गाव नसतं. सगळं जोडलेलं असतं.”

“स्काल्बी कुठे आहे हे त्यांना माहीत असेल?”

“पडद्यावर दिसेल त्यांना.”

“काय दिसेल?”

यास्परला प्रश्न कळला नाही. तो बसला.

मग तिने फ्लॅटची गोष्ट सांगितली. लांबवली नाही. झडप, कुलूप, रिकामं घर. मोगेन्सचं नाव घेताना ती थांबली नाही, आणि शेवटी म्हणाली, “तुम्हाला माझी कीव यावी म्हणून नाही सांगितलं. कीव त्या फोनवरच्या मुलींनाही येत होती.”

टोपली फिरली. डॅग्नीने एकेक चिठ्ठी उलगडून दोन ढीग लावले. ‘हो’चा ढीग उंच होत गेला. विबेके त्याच्याकडे बघत उभी राहिली. जॅमची चिठ्ठी आली. डॅग्नीने ती उगाचच पाठपोट न्याहाळली आणि ‘नाही’च्या ढिगावर ठेवली.

“माझं काड घेणार कोण मग?” एगॉन कुणाकडेही न बघता म्हणाला.

‘हो’चा ढीग शेवटपर्यंत उंचच राहिला, पण पुरेसा नाही. तीन चिठ्ठ्या कमी पडल्या.

टाळी कुणीच वाजवली नाही.

विषय चार. मंडळाची निवड

“मी राहत नाही,” ट्रोल्स म्हणाला. तो चिडलेला नव्हता, आणि म्हणूनच ऐकायला जड गेलं. “मला झोप हवी आहे. बायको म्हणते, बिछान्यात तिसरं कुणी असेल तर ते निदान बोलणारं तरी असावं.” त्याने खिशातून जुनाट फोन काढून उघड्या टेबलावर ठेवला. मंडळातले इतरही एकेक करून नको म्हणाले.

“मंडळ नसेल तर बंब चालत नाही,” यास्पर हळूच म्हणाला. “आम्हाला घाई नाही. हिवाळा मोठा असतो.”

आता सगळे विबेकेकडे बघत होते, आणि त्या बघण्यात माया नव्हती. तू मोडलंस, तूच निस्तर. तिला ते पुरतं कळलं. तिला झडपा कळत नव्हत्या, काड ओलं की कोरडं हे हात लावून सांगता येत नव्हतं, आणि गुडघा दुखत होता.

“मी उभी आहे,” ती म्हणाली.

“उभी तर तू कधीपासून आहेस,” एगॉन म्हणाला. “निवडणुकीला का?”

“निवडणुकीलाही. आणि एगॉन, तू माझ्याबरोबर.”

“मी कशाला?”

“तुझं काड घ्यायला.”

या वेळी लोक त्याला हसले. ट्रोल्सही. “काड विकणाऱ्याने मत द्यायचं नाही हं, दर ठरवताना बाहेर बसायचं,” डॅग्नीने बजावलं आणि दुसरं कुणी आहे का म्हणून तीनदा विचारलं. कुणी नव्हतं. मंडळ दोघांचंच झालं.

विबेकेने फोन उचलला. ट्रोल्सच्या खिशात राहून तो अजून कोमट होता.

विषय पाच. इतर (यात काही ठरवता येत नाही)

कॉफी पातळ आहे. बसथांब्याजवळ कुणाचा तरी कुत्रा घाण करतो. पुढच्या वर्षी गाणं जरा वरच्या पट्टीत घ्यावं.

बोडिलने हात वर केला. तिने ‘हो’ लिहिलं होतं, आणि विबेकेला दिसेल असं लिहिलं होतं.

“माझ्या न्हाणीघरातला रेडिएटर रविवारपासून ठकठक करतोय. कुणाला सांगायचं?”

“मला सांग.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काही नाही. सकाळी येते.”

“सकाळी म्हणजे? मी पाचला उठते.”

“मग पाचला.”

“बाहेर काळोख असतो.”

“दिवा लाव,” विबेके म्हणाली, आणि उरलेल्या केकाचा तुकडा ताटलीत ओढून, उभ्यानेच खायला लागली.