बारा खोल्या आणि एक न्हाणी

राजुऱ्याच्या जुन्या बाजारामागचं मुनीरसेठचं घर बघायला त्या वर्षी सात गिऱ्हाइकं आली, आणि सातही जणांनी घराची तोंड भरून तारीफ केल्यावर एकच गोष्ट विचारली. न्हाणीघर कुठे आहे? मग मलिकाबी त्यांना मागच्या अंगणात घेऊन जायची. विहिरीच्या पलीकडे पेरूच्या झाडाखाली एक न्हाणी, तिच्यापासून दहा पावलांवर एक संडास. बस्स, एवढंच. आणखी एक-दोन कुठे दडवून ठेवली असतील अशा आशेने गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं आणि मग चहा न घेताच निघून जायचं.

एरवी त्या घरात खोट काढायला जागा नव्हती. राजुरा निजामाच्या राज्यात होतं तेव्हा मलिकाबीच्या सासऱ्यांनी ते बांधलं. लाकडाचे ठेकेदार ते. जंगलातलं चांगलं सागवान आधी स्वतःच्या घराला, उरलंसुरलं दुनियेला. बारा खोल्या, कवेत मावणार नाहीत असे खांब, दारांवर वेलबुट्टी. धान्याची खोली वेगळी, लोणच्याची वेगळी, पाहुण्यांच्या बैठकी दोन. एवढं सगळं सुचलेल्या माणसाला दुसरी न्हाणी मात्र सुचली नाही. बायकांना आंघोळ लागते हे त्यांना ठाऊक असावं, कधी घाईही लागते हे ठाऊक नसावं.

मलिकाबी लग्न होऊन आली तेव्हा घरात एकवीस माणसं होती. पहाटेच्या अजानआधी बायांची बारी, मग पुरुषांची, मग शाळेच्या पोरांची. सासूनंतर ही बारी लावायचं काम मलिकाबीच्या गळ्यात पडलं. आत कोण किती वेळ रमतो, कोणाला कडकडीत पाणी लागतं, कोणाचं पोट बिघडलंय, सगळं तिला तोंडपाठ. तिची स्वतःची आंघोळ दुपारी, सगळ्या जगाचं उरकल्यावर. या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली होती.

आता घरात ती एकटी. मुनीरसेठला जाऊन चार वर्षं झालेली. थोरला जाहिद नागपुरात, धाकटा वाजिद हैदराबादेत नोकरीला, मुलगी नाजिया चंद्रपुरात नांदत होती. माणसं गेली तरी खोल्या काही कमी झाल्या नाहीत. ती रोज चार खोल्या झाडायची. तीन दिवसांत बारा व्हायच्या, आणि चौथ्या दिवशी पहिल्या चार खोल्यांत कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ पुन्हा येऊन बसलेली असायची. उन्हाळ्यात छपरावरचे कवेलू फेरायला माणसं शोधा, पावसाळ्यात गळती शोधा, आणि लाकडाला उधई म्हणजे वाळवी लागली का, हे बाराही महिने शोधा. गुडघे तर कधीचेच कामातून गेले होते. रात्री उठावं लागलं तर अख्खं अंगण ओलांडायला नको, म्हणून दुपारी चारनंतर ती पाणीच पीत नसे.

लोकांना वाटायचं, घर विकायचं म्हणून बिचारीचा जीव तुटत असेल. शेजारणी येऊन ओढणीने डोळे पुसायच्या. मलिकाबी त्यांना पाणी द्यायची आणि गप्प बसायची, कारण तिचा जीव बिलकुल तुटत नव्हता. नाजियाच्या गल्लीत एक नवी इमारत उभी राहिली होती. तिच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं, पलंगापासून चार पावलांवर न्हाणी आणि संडास. मलिकाबी ते एकदा बघून आली होती. नळ सोडून बघितला, आतून कडी लावून बघितली. दुसऱ्या बाया जशी हजची आस धरतात, तशी तिने त्या दोन खोल्यांची धरली होती. पण हे घर विकलं गेलं तरच ते मिळणार होतं.

आठवं गिऱ्हाईक होता अजय कोंडावार. गडचांदूरला सिमेंट वाहणारे त्याचे ट्रक होते, आणि चार भाऊ अजून एका चुलीवर जेवत होते. खांब पाहून तो हरखलाच. मग अंगणातली न्हाणी पाहिली आणि डोकं खाजवत म्हणाला, की चाची, चार भाऊ, चार बायका आणि ही एक न्हाणी म्हटल्यावर आठ दिवसांत आमच्या चार चुली होतील. तुम्ही घराच्या आत दोन न्हाणी-संडास काढून द्या, तुळशीच्या लग्नापर्यंत रजिस्ट्री करून टाकू. माझी बायको डोळ्यांनी बघितल्याशिवाय इथे पाय ठेवायची नाही. नाही जमलं तर गडचांदूरलाच एक जागा बघून ठेवलेली आहे.

मुनीरसेठचे धाकटे भाऊ बाबूभाई गावातच राहायचे. वाटणीत त्यांना लाकूड चिरायची आरामशीन मिळाली होती आणि घर मुनीरसेठकडे आलं होतं. त्यांनी सुकलू मिस्त्रीला बोलावलं. जाहिदने नागपुराहून पैसे पाठवले. रांधणीशेजारची लोणच्याची खोली आणि मागच्या बैठकीचा कोपरा, अशा दोन जागा ठरल्या. सुकलू हाताचा साफ माणूस, दिवाळी संपेसंपेपर्यंत काम आटोपलंसुद्धा. पांढऱ्याशुभ्र फरशा, पितळी नळ, दाराला आतून कडी. त्याच सुमारास रमजान लागला होता. रोजा धरून मलिकाबी पहिल्यांदा आत बघायला गेली आणि दारातच थबकली.

संडासाची दोन्ही भांडी पश्चिमेला तोंड करून बसवली होती.

आता यात सुकलूची काही चूक नव्हती. वीस वर्षं त्याने गावात भांडी बसवली, पाइप जिकडून सोयीचा तिकडे तोंड. पश्चिमेला किबला आहे, तिकडे तोंड करून नमाज पढतात, म्हणून मुसलमानाच्या घरात संडासात बसताना तिकडे ना तोंड हवं ना पाठ, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबूभाईंना वाटलं भाभी सांगतील, भाभीला वाटलं बाबूभाईंनी सांगितलं असेल. ज्या घरात पोरांना चालण्याआधी किबला कळतो, त्या घरात मिस्त्रीला सांगायची आठवण कोणालाच राहिली नाही.

सुकलूने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, घर त तुमी विकूनच राह्यले ना. कोंडावारभाऊले तोंड कुठी हाय त्याचं का पडलं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. बाबूभाईसुद्धा तेच म्हणाले, की चार दिवसांचा प्रश्न आहे भाभी, असू द्या. मलिकाबीलाही मनातून असू द्यावंसंच वाटत होतं. चंद्रपूरच्या त्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. पण ती दिवसभर अस्वस्थ राहिली. ज्या दिशेला तिने चाळीस वर्षं कपाळ टेकलं, त्याच दिशेला आता हे बसवून ठेवायचं, तेही रमजानच्या महिन्यात, आणि आपल्या हाताने? तिच्याने ते होईना. दुसऱ्या दिवशी तिने सुकलूला सांगितलं, की घर ज्या दिवशी त्यांचं होईल त्या दिवसापासून ते जाणोत, तोवर ते माझं आहे, फोडा आणि फिरवा.

फोडताना दोन्ही भांडी तडकली. नवी चंद्रपुराहून आणेपर्यंत आठवडा गेला. पाइपांचा उतार बदलला म्हणून अर्धी फरशी उखडावी लागली. त्यात सुकलूचं धान कापायला आलं आणि तो दहा दिवस शेतावर गेला. तुळशीचं लग्न होऊन गेलं. अजयचा निरोप आला, की महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. मलिकाबी रोजा सोडताना दुआ मागायची, ती या मिस्त्रीच्या कापणीसाठीसुद्धा. काम पुरं झालं ते ईदच्या दोन दिवस आधी.

ईदला पोरं आली. एरवी सुना सकाळी यायच्या, शीरखुर्मा खायच्या आणि अंगणातला तो संडास आठवला की संध्याकाळच्या आत परतीची गाडी धरायच्या. या वेळी कोणी जायचं नाव काढेना. नातवंडं नव्या न्हाणीत शिरली की बाहेर निघायला तयार नसत. वाजिद अर्धा तास आत काढून गुणगुणत बाहेर आला. थोरली सून म्हणाली, आता कसं घर घरासारखं वाटतंय. मलिकाबी चुलीपाशी बसून चौदा माणसांचा स्वयंपाक करत होती. तिला ते शब्द ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत जमले. बाबूभाईही आले होते. जाहिदने गळा साफ केला आणि आईजवळ सरकून बसला.

"अम्मी, आमी दोघा भावायनं विचार केला," तो म्हणाला. "आता घर काऊन विकाचं? जे कमी होतं ते त झालं. उद्या सकाळी अजयले फोन करून नाई सांगतो."

मग तो बराच वेळ बोलत राहिला. दर सुट्टीला येत जाऊ, पोरांना आजोबांचं घर कळेल, तुम्हाला आता अंगणात जायचीही गरज नाही. वाजिदने पुस्ती जोडली, की असं सागवान हैदराबादेत पैसे मोजूनही मिळत नाही. बाबूभाईंचे डोळे भरून आले. बापाचं घर राहिलं, म्हणाले, याहून मोठी ईद कोणती.  नाजिया तेवढी आईच्या तोंडाकडे बघत होती.

मलिकाबीला आधी स्वतःचाच राग आला. ती भांडी पश्चिमेला राहू दिली असती तर एव्हाना रजिस्ट्री होऊन गेली असती. ज्या दोन न्हाण्या विकण्यासाठी बांधल्या, त्यांनीच तिला या घरात गाडून टाकलं होतं. मग पोरांचा राग आला, आणि मग एकदम एवढा थकवा आला की रागही टिकेना. रडावंसं वाटलं, पण रडली असती तर सगळ्यांनी त्याला आनंदाचं रडणं ठरवलं असतं.

"बाबूभाई," ती म्हणाली, "मुनीरसेठच्या मागं या घरात माझा हिस्सा किती?"

बाबूभाई गोंधळले. शरीयतप्रमाणे बेवेचा, म्हणजे विधवेचा, आठवा हिस्सा असतो, असं त्यांनी सांगितलं, पण आत्ता ती गोष्ट कशाला, असंही वर विचारलं.

"बारा खोल्यायचा आठवा किती होते?"

"दीड खोली," नाजिया म्हणाली.

"मंग माझी दीड खोली मले द्या. रांधणीजवळची खोली एक, अन् तिच्या बाजूची नवी न्हाणी अर्धी धरा. बाकी साडेदहा तुमच्या तिघायच्या. उद्यापासून मी माझ्या दीड खोलीबाहेर झाडू मारणार नाई, कवेलूवाला बोलावणार नाई, उधई पाहणार नाई. ज्याले घर पाह्यजे त्यानं पाहाव."

जाहिद हसला. आईने थट्टा केली असं त्याला वाटलं असावं. "असं काऊन बोलता अम्मी? सगळं घर तुमचंच त हाय."

"सगळं माझं हाय म्हणूनच त थकली मी, बेटा."

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, स्वतःच्या खोलीची एक किल्ली काढून घेतली आणि बाकीचा जुडगा तख्तावर ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत निघून गेली. पोरांना वाटलं, सकाळपर्यंत राग उतरेल.

पहाटे मलिकाबीने फजरची नमाज पढली, नव्या न्हाणीत सावकाश आंघोळ केली आणि पुन्हा आडवी झाली. ती रुसून झोपली नव्हती, तिला खरंच झोप आली. बाहेर घर जागं झालं. पीठ धान्याच्या खोलीत होतं आणि धान्याच्या खोलीला कुलूप होतं. जाहिद जुडगा घेऊन गेला. एक किल्ली लावली, दुसरी लावली, पाचवी लावली. मागून थोरली सून विचारत होती, चहा झाला, आता पोरांना खायला काय देऊ. ज्या घरात तो जन्मला त्या घरातली कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. वैतागून शेजारच्या दाराला लावून बघितली तेव्हा एक लागली, ती भलत्याच खोलीला. दार उघडलं तर चार दिवस न झाडलेल्या जमिनीवर काळी धूळ, आणि कोपऱ्यातल्या खांबावरून आढ्यापर्यंत उधईची ओली वाट. त्याने नखाने ती खरवडली. आतलं सागवान भुसभुशीत लागलं.

बाकीच्या किल्ल्या विचारायला तो आईच्या खोलीशी गेला. नऊ वाजून गेले होते. मलिकाबी कुशीवर वळून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, पाय पोटाशी घेतलेले. जाहिदने आयुष्यात कधी आईला उजेडात झोपलेलं बघितलं नव्हतं. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.  मग हळूच दार ओढून घेतलं आणि बैठकीत येऊन फोन लावला.

पलीकडून अजयने विचारलं, मग काय ठरलं तुमचं?

"रजिस्ट्री पुढच्या हप्त्यात करून टाकू," जाहिद आवाज खाली ठेवून म्हणाला. "दिवस मंग सांगतो. अम्मी झोपली हाय, उठली की विचारतो."