राजापेठेत लागलेला आसामी पिक्चर

ज्योत्स्ना वानखडेचं शिक्षण सिनेमाच्या आवाजाचं. अकोल्याच्या डोमाजी गुरुजींची ही मुलगी कोलकात्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकून आली, पण मुंबईत तिला कुणी दारात उभं केलं नाही. माइकचा दांडा दिवसभर उचलून धरणं पोरीबाळींचं काम नव्हे, असं एकाने तर तोंडावरच सांगितलं. त्या दिवसांत तिला हाक मारली ती गुवाहाटीच्या निर्मली डेकाने. निर्मली आसामी सिनेमे दिग्दर्शित करायची, वयाने हिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. कुणाकडून तरी नंबर मिळवून तिने फोन केला आणि एवढंच विचारलं, "पावसात काम करशील?"

ज्योत्स्ना गेली आणि तिकडचीच झाली. निर्मलीला ती 'बायदेउ' म्हणू लागली, म्हणजे ताई. भाषाही हळूहळू जिभेवर बसली. पण ती आसामी सिनेमाची पडती वर्षं होती. गावोगावच्या टॉकीजना कुलपं लागलेली, कुठे तांदळाचं गोदाम झालेलं, कुठे लग्नाचा हॉल. निर्मलीचा पिक्चर गुवाहाटीत लागला, लोक जरा कुठे येऊ लागले, तोच मोठा हिंदी पिक्चर आला आणि थेटरवाल्याने हिचं पोस्टर उतरवलं. निर्मलीने कुणाशी भांडण केलं नाही. प्रोजेक्टर आणि पडदा टेम्पोत घातला आणि शाळांच्या मैदानांवर खेळ लावत ती गावोगाव हिंडली. ज्योत्स्ना तिच्यासोबत होती. त्या हिंडण्यातच ज्योत्स्नाला हिवतापाने गाठलं, तेव्हा निर्मलीच्या आईने तिला बरी होईपर्यंत आपल्या घरी ठेवून घेतलं, हाताने पेज भरवली. परक्या जातीची, परक्या मुलखाची पोर म्हणून त्या घरात तिचं ताट कधी वेगळं पडलं नाही.

मग इकडे ज्योत्स्नाची आई अंथरुणाला खिळली आणि ती परत आली. आई गेली. बाबा एकटे पडले. त्यांना घेऊन ती अमरावतीला आली आणि राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर तिने छोटा स्टुडिओ टाकला. भीमगीतं, निवडणुकीच्या घोषणा, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, जे येईल ते ती रेकॉर्ड करायची. आसामी सिनेमा संपला, आपणच त्याला शेवटचं पाणी पाजून आलो, असं तिने मनाशी धरलं होतं.

तो संपला नव्हता. गेल्या वर्षी निर्मलीचा फोन आला. तिचा नवा पिक्चर तिकडे आठवड्यांमागून आठवडे हाउसफुल चालला होता. बंद पडलेल्या दोन टॉकीज त्याच्यासाठी झाडूनपुसून पुन्हा उघडल्या होत्या. आता पुणे, बंगलोरलाही तो लागणार होता.

"तुमच्याकडे लागेल का गं?" तिने विचारलं.

"बायदेउ, इथे आसामी कोण बघणार?" ज्योत्स्ना म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

थोड्याच दिवसांनी नांदगाव पेठेच्या एका कापड गिरणीत सुरक्षेच्या सूचना रेकॉर्ड करायला ती गेली. कॅन्टीनमध्ये चहा घेताना मागच्या बाकावरून आसामी बोलणं कानावर आलं. तिने वळून त्याच भाषेत विचारलं, "कुठल्या गावच्या गं तुम्ही?" दोघी पोरी बघतच राहिल्या. त्यातली जुनमनी नावाची पोरगी तर उठून उभीच राहिली. होस्टेलवर आसामची पुष्कळ पोरं-पोरी आहेत, असं तिच्याकडून कळलं. निर्मलीच्या पिक्चरची गाणी सगळ्यांना तोंडपाठ होती. पिक्चर मात्र कुणीच पाहिला नव्हता.

ज्योत्स्ना तशीच उठून राजापेठेतल्या टॉकीजवर गेली. मॅनेजर रामराव डोळे बारीक करून ऐकत होते.

"ताई, साउथचा चालते, भोजपुरीही चालते. हा आसामी कोन पाह्यते?"

"गिरणीतली पोरं पाहतील. एक खेळ द्या, रामरावजी."

"रविवारी सकाळचा देतो. पन अर्धा हॉल भरला पाह्यजे. नाई तर मालक मले बोलते."

ज्योत्स्नाने कबूल केलं. निर्मलीने पुण्यात पिक्चर लावणाऱ्या माणसाला सांगून पिक्चर पाठवायची सोय केली. जुनमनीने होस्टेलची खोली न् खोली पालथी घातली. सगळं जमत आलं, आणि शनिवारी दुपारी तिचाच रडवेला फोन आला. मोठी ऑर्डर आली होती, रविवारची सुट्टी निम्म्या लोकांची रद्द झाली होती.

ज्योत्स्ना घरी आली. डोमाजी गुरुजींनी दोनदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला, फोन घेतला आणि अकोल्याला आपल्या बहिणीला, जाईबाईला लावला.

"जाई, उद्या सकायच्या गाडीनं विहारातल्या बाया घेऊन अमरावतीले ये. पिक्चर पाहाले. हिंदी नाई, आसामचा हाये."

"बाबा, त्यांना भाषा कळणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुले येत होती का जातानी?" गुरुजी म्हणाले. "ज्या लोकायनं माह्या पोरीले दुखन्यातून उठवलं, त्यायचा पिक्चर रिकाम्या हॉलात लागला तर मले चालन का?"

रविवारी सकाळी स्टँडवरून जाईबाई पांढऱ्या लुगड्यातल्या बायांचा घोळका घेऊन आली. मागोमाग गुरुजींचे रिटायर्ड मास्तर मित्र. गिरणीतून सुट्टी मिळालेली पोरंपोरी ठेवणीतले कपडे घालून आली होती. रामरावांनी दारातून मान आत घालून हॉल पाहिला आणि लाइट बंद करायला सांगितलं.

पिक्चर एका विधवेचा होता. पूर येतो, गाव सुटतं, आणि ती होडीत आधी आपला हातमाग चढवते. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती बायांच्या कामाची नव्हती.

"माग काहून नेते वो ते?" जाईबाईने शेजारच्या जुनमनीला विचारलं. जुनमनीने मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे बाईचा माग म्हणजे तिचं पोट आणि तिची अब्रूही. जाईबाईने ते मागच्या रांगेत कळवलं, तिथून ते आणखी मागे गेलं.

पुढे सगळा हॉल असाच मिसळून गेला. ज्योत्स्ना शेवटच्या रांगेत उभी राहून ऐकत होती, कारण तिचा जन्म ऐकण्यातच गेला होता. विनोद झाला की आधी आसामची पोरं हसायची. मग कुजबूज मागे जायची आणि क्षणभराने वऱ्हाडी बाया हसायच्या. एकाच विनोदावर हॉल दोनदा हसत होता. असा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तिने फोन काढून तो रेकॉर्ड केला.

पिक्चर सुटल्यावर बाहेर गर्दी रेंगाळली. पोरींनी घरून आणलेला लाल काठाचा पांढरा पंचा, त्यांचा गामोसा, रामरावांच्या खांद्यावर घातला. मान द्यायची त्यांची तशी रीत. रामराव गोंधळले, खांद्यावरचा गामोसा चाचपत म्हणाले, "ज्यायची सुट्टी गेली, त्यायच्यासाठी पुढल्या रविवारी लावू अजून एक. मालकाले मी सांगतो."

ज्योत्स्नाने तो आवाज निर्मलीला पाठवला. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला.

"दुसऱ्यांदा हसतात ते कोण गं?"

"आमची अकोल्याची माणसं."

 मग निर्मलीने फोन आईकडे दिला. म्हातारीला आता ऐकू कमी येत होतं. ज्योत्स्नाने मोठ्याने तिची खुशाली विचारली, आणि इतक्या वर्षांत राहून गेलेलं बोलून टाकलं, "आई, तुम्ही होतात म्हणून मी आहे." म्हातारीला ते कितपत ऐकू आलं कोण जाणे. ती मात्र विचारत होती, जेवलीस का, बारीक तर झाली नाहीस?

हिवाळ्यात निर्मलीचं पुढचं शूटिंग सुरू झालं. आवाजाचं काम ज्योत्स्नाकडे आलं. स्टुडिओची किल्ली क्लासच्या सरांकडे देऊन, बाबांना जाईबाईकडे अकोल्याला पोचवून ती गुवाहाटीच्या गाडीत बसली. गुरुजींनी बॅगेत ज्वारीचं पीठ आणि तिळाची चटणी भरून दिली होती, निर्मलीच्या आईसाठी.