अंगठा नेमका कुठून काढायचा?

"बाई, बोटंच नाहीत तर त्याला हातमोजा कशाला म्हणायचं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टकळीने विचारून टाकलं. तोंड दिवसभर चालू, म्हणून घरीदारी तिचं नाव टकळीच. मागच्या बाकावर खसखस पिकली. विणकामाच्या बाई मात्र हसल्या नाहीत.

"बोटं कामाला मोकळी राहावीत म्हणून. तुझी लागतात का कामाला, बघू."

असं म्हणून त्यांनी नमुना तिच्या पुढ्यात ठेवला. निळ्या हातमोज्यावर चौकोनी पिवळी खिडकी. रंग बदलताना मागच्या बाजूने काय करायचं हे त्या दाखवत होत्या, तेव्हा टकळी मैत्रिणींना डोळा मारत होती.

"शनिवारच्या वर्गाला जोडी आणते!" जाहीर करून टकळी मोकळी.

घरी बाबांनी कपाटावर धूळ खात पडलेल्या गिटारकडे नुसतं पाहिलं. "नव्याचे नऊ दिवस! शनिवारी जोडी दिसली नाही, तर विणकाम बंद आणि त्या वेळात गणिताची शिकवणी. कबूल?"

"कबूल!" म्हणाली खरी, आणि लगेच सुया काढून बसली. गिटार मावसबहिणीचं बघून घेतलेली; विणकाम तिला खरंच आवडत होतं.

सुया खटाखट चालल्या. खिडकीच्या दोन बाजूंना लोकरीचे दोन निळे गुंडे, मध्ये पिवळा. धाग्याला धागा शिवू द्यायचा नाही, असा तिने पणच केला. गुंता नकोच! दुसरा मोजा काय, रात्रीतून होईल, म्हणत शुक्रवारी संध्याकाळी पहिल्याची सपाट विणलेली पट्टी कडेने शिवली, अंगठ्यापुरती फट ठेवली आणि आईबाबांसमोर ऐटीत हात घातला.

अंगठा खिडकीच्या कडेतून बाहेर आला.

काढला, पुन्हा घातला. आता दुसऱ्या कडेतून करंगळी डोकावली.

"अगं, यातलं अंगठ्याचं भोक कुठलं?" आईने विचारलं.

टकळीला काही सुधरेना. ओळी बरोबर, एकही टाका गळलेला नाही, मग खिडकी दोन्हीकडून उघडी कशी? तिने मोजा उलटा केला. सगळं कसं नीटनेटकं. फक्त एका ओळीत निळा-पिवळा धागा चुकून एकमेकांत अडकला होता, आणि नेमकी तिथेच फट नव्हती! म्हणजे चुकलं तिथे बरोबर, आणि बरोबर तिथे...? डोकं गरगरलं. मग बाईंची बोटं आठवली. एक धागा दुसऱ्याभोवती वळवत होत्या त्या, दर ओळीला.

"मागून सुईने फटी शिवून टाक," आई म्हणाली. "कोण बघतंय आतून?"

"आणि जोडी?" बाबा म्हणाले. "उद्या शनिवार."

टकळीने शिवण कापली, टोक शोधलं आणि सर्रकन धागा ओढला.

"ऐका. उद्या जोडी नाही. शिकवणी लावा, कबूल म्हणजे कबूल. पण ती रविवारी. शनिवारी मी विणकामालाच जाणार, हाच मोजा उसवून पुन्हा विणणार, आणि पुढच्या बाकावर बसणार!"