सात मिनिटं चाळीस सेकंद

"रकाना मोकळा ठेवायचा नाही हो बाई," खिडकीमागचा कारकून म्हणाला. "नाव लिहिलंत, पत्ता लिहिलात, मुलगी अडीच वर्षांची हेसुद्धा लिहिलंत. पगारापाशीच शाई कशी संपली?"

तिने ओशाळं हसून अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. 'अपेक्षित पगार' या दोन शब्दांपुढे बोटभर जागा होती. गेल्या चार महिन्यांत त्या बोटभर जागेने तिचा जीव नकोसा केला होता.

"साधारण किती लिहितात हो इथे?"

"मला विचारता?" कारकून म्हणाला. "ते कळत असतं तर मी या खिडकीत बसलो असतो का?"

चार महिन्यांपूर्वी जुन्या कारखान्याची शर्टांची मोठी ऑर्डर गेली. आधी शिलाईची एक अख्खी लाईन घरी बसली आणि महिनाभरातच नमुना-खोलीला कुलूप लागलं. त्या खोलीत ती आठ वर्षं होती. तेव्हापासून तीन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या ठिकाणी तिने बावीस हजार सांगितले. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "बाकी, घरचे सगळे बरे ना?" दुसऱ्या ठिकाणी ती जुन्या पगारावर, एकोणिसावर आली. ते 'कळवतो' म्हणाले आणि त्यांचं कळवणं अजून चाललंच होतं. तिसऱ्या ठिकाणी तिने हात टेकले, 'तुम्ही द्याल ते' म्हणाली, तर समोरच्याने जराही न लाजता अकरा सांगितले.

"द्याल ते?" घरी आल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला होता. "अगं, भंगारवाल्याला पत्र्याचा डबा विकतानासुद्धा कुणी असं म्हणत नाही!"

म्हणून काल संध्याकाळी त्याने चक्क तालीमच घेतली. तो एका गोदामात ट्रक भरून घ्यायच्या कामावर होता. आल्या आल्या हातपाय धुतले, चिऊला मांडीवर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसला आणि घोगरा आवाज काढून म्हणाला, "हं, बोला बाई. किती अपेक्षा?"

"एकोणीस."

"ऐकू नाही आलं."

"एको... सतरासुद्धा चालतील."

"धन्य आहेस! मी नुसतं ऐकू आलं नाही म्हटलं तर दोन हजार खाली. उद्या साहेब खोकला तर फुकटच राबशील."

"फुकट! फुकट!" चिऊने टाळ्या पिटल्या आणि तिघंही हसली. हसता हसताच त्याने चिऊच्या बुटाचं टोक चाचपलं. अंगठा पुढे टेकत होता. त्याने बूट काढून ठेवला आणि तिनेही न पाहिल्यासारखं केलं.

जाऊबाईंचा फोन वेगळाच. "मी म्हणते, पंधरा सांग आणि मोकळी हो. शिक्षण नाही, ओळख नाही, हात तेवढा चालतो तुझा. नुसत्या हाताचे पैसे कोण देतं आता?"

आता तिने पेन टेकवलं आणि लिहिलं: एकोणीस हजार. अंकात लिहिलं, अक्षरात लिहिलं, वर अधोरेखितही केलं.

"अक्षर बाकी छान आहे," कारकून म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

वरच्या मजल्यावरची नमुना-खोली काचेची होती. एका बाजूला एकच मशीन, एक टेबल, वर कापून ठेवलेले शर्टाचे तुकडे. काचेपलीकडे लांबच लांब शिलाईची लाईन घरघरत होती. साहेब वयाने तिच्याहून लहान असावा. गळ्यात नाडीला बांधलेलं घड्याळ अडकवलेलं होतं, दाबलं की धावणारं.

"एकोणीस," त्याने वाचलं. "लिहायला काय जातं म्हणा. माझं सरळ असतं. कॉलर शिवायची आणि गळ्याला बसवायची. सहा मिनिटांच्या आत झाली तर एकोणीस. सातच्या आत सतरा. त्यापुढे पंधरा, तेही आज मी खुशीत आहे म्हणून."

"बरं."

"आणि नीट शिवा. नवी ऑर्डर आहे, तुमची जी वेळ येईल त्यावर बाहेरचं टार्गेट लावायचंय."

त्याने सांगितलं नसतं तरी तिला ते ठाऊकच होतं. आठ वर्षं तिने तेच केलं होतं. नवा शर्ट आला की पहिला नग तिने शिवायचा, तिथल्या मास्टरांनी घड्याळ धरायचं, आणि तिला लागला तेवढाच वेळ लाईनीतल्या प्रत्येक बाईला मिळायचा. हीच कॉलर तिने एकदा पाच मिनिटं वीस सेकंदांत बसवली होती. मास्टरांनी खुश होऊन सगळ्या खोलीला चहा पाजला होता. सकाळची वेळ होती, हात ताजा होता, नग एकच होता. दुसऱ्या दिवशी तो आकडा फळ्यावर चढला आणि बाहेरच्या बायकांना तो संध्याकाळपर्यंत गाठत बसावं लागलं, कॉलरमागून कॉलर. त्यांच्यात एक हडकुळी होती, तिला सगळ्या काडी म्हणायच्या. दुपारच्या सुट्टीत काडी डबा मशीनवर उघडा ठेवायची आणि शिवता शिवता घास घ्यायची. पुढे माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा टार्गेट चुकवणाऱ्यांची यादी निघाली. काडीचं नाव वरून दुसरं होतं. जाताना ती नमुना-खोलीच्या दारात येऊन म्हणाली होती, "तुझा हात म्हणजे हात आहे गं, पोरी." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दार ढकलून लाईनीतली एक वयस्क बाई आत आली. चष्म्याची दांडी तुटली होती, तिथे दोरा गुंडाळला होता.

"पांढराच दोरा ना, साहेब?" तिने मोठ्याने विचारलं आणि मशीनखाली वाकून बॉबिन बसवता बसवता ओठ न हलवता म्हणाली, "ताई, जरा दमानं हं. कॉलरवर माझी सून आहे. सातवा लागलाय तिला."

मग कमरेला हात देऊन उठली. "तेल घातलंय, साहेब. लोण्यासारखी चालेल."

साहेबाने अंगठा दाबला. घड्याळ टिकटिकायला लागलं.

तिने ठरवलं काहीच नव्हतं. हातांनी मात्र विचारायची वाट पाहिली नाही. चार महिने बांधून ठेवलेलं वासरू सुटावं तसे ते सुटले. कॉलर ताठ ठेवणारं बकरम आत ठेवलं, तिन्ही बाजू शिवल्या, टोकं छाटली, उलटवली, कडेची शिलाई मारली.

"दोन दहा," साहेब स्वतःशीच पुटपुटला. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या.

किती दिवसांत कुणी तिच्या हातांकडे असं बघितलं नव्हतं! हे एकोणीस तर झालेच, थोडं ताणलं तर वीससुद्धा म्हणता येतील, जाऊबाईंना आजच फोन करता येईल. गळ्याचा तुकडा उचलताना तिची मान सहज वर झाली. पलीकडे निम्म्याहून जास्त बायका चोरून काचेकडे बघत होत्या. एकटी तिसऱ्या मशीनवरची बघत नव्हती. पोट मशीनला लागू नये म्हणून ती खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून शिवत होती. इकडे बघायला तिला फुरसत नव्हती.

तिने पायडलवरचा पाय उचलला.

कॉलर हातात घेऊन दोन्ही टोकं जुळवून पाहिली. राहिलेला धागा कात्रीने कापला. गळ्याचा मध्य काढून खूण केली. मग शिलाई घातली, वीतभर, आणि थांबून पुन्हा कापड सारखं केलं. सावकाश शिवणं इतकं अवघड असतं हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. हात पुढे ओढत होते आणि ती त्यांना भर रस्त्यात हट्टी पोराला धरावं तसं धरून होती.

"थांबलात का?" साहेबाने विचारलं.

"धागा कापला."

"ते हेल्परचं काम."

"हेल्पर आली नाही त्या दिवशी?"

घड्याळ तेवढं बोलत राहिलं. शेवटचा टाका पडला, तिने नग टेबलावर ठेवला आणि साहेबाने अंगठा दाबला.

"सात चाळीस." त्याने घड्याळ तिच्यापुढे धरलं. "अर्धं काम दोन दहात आणि उरलेलं साडेपाचात? काय गंमत लावलीय? तुमच्या जुन्या मास्टरांशी बोललोय मी काल. पाच वीस म्हणाले."

"आली होती पाच वीस. एकदा. सकाळी नऊला."

"मग आत्ता कुठे रात्र झालीय?"

"पण तुम्ही टार्गेट दिवसाचं लावणार ना, साहेब?" तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. "ही संध्याकाळी पाचला, हात थकल्यावर लागणारी वेळ आहे. ही धरलीत तर उसवून पुन्हा शिवायला येणार नाही एकही कॉलर. पहिल्या तासाची वेळ धरलीत तर किती उसवावे लागतात ते मास्टरांनाच विचारा. ते नसतील बोलले."

साहेबाने नग उचलला. कॉलरची टोकं उजेडात धरली, उलटीकडून शिलाई पाहिली, गळा ताणून पाहिला. कुठे चुणी नव्हती. खुर्चीत बसला, उठला, काचेपाशी जाऊन आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू. मी सहा लिहितो. तुम्ही काही बोलायचं नाही. एकोणीस देतो. तुमचं तुम्हाला, माझं मला."

एकोणीस. अंकात, अक्षरात. घरी सांगायला काही अडचण नव्हती. आकडा साहेब लिहिणार होता, ती नाही. तिला फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसायला तर ती जन्मापासून शिकलेली होती. काचेकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"झालेत सात चाळीस, साहेब," ती म्हणाली.

"मग पंधरा."

"सोळा."

त्याने हातातला नग पुन्हा उलटवून पाहिला.

"वेळ तुम्हाला पटली नाही," ती म्हणाली, "पण काम तर हातात घेऊन बघितलंत." आणि या खेपेला तिचा आवाज इतका मोठा लागला की बाहेरच्या दोघीतिघींनी माना वळवल्या.

साहेबाने नग टेबलावर टाकला, वहीत काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "सोळा. उद्या आठला या. उशीर चालणार नाही."

खाली फाटकाबाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. त्याच्या मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"किती?"

"सोळा."

"मागितलेस किती?"

"एकोणीस."

"मोठ्याने?"

"अगदी मोठ्याने."

"मग माशी कुठे शिंकली?"

"कॉलरला वेळ लागला."

"तुला?" तो म्हणाला. "कॉलरला?" तो अंघोळ करून बाहेर येईपर्यंत तिने चिऊचा फ्रॉक शिवून संपवलेला त्याने पाहिला होता. मग त्याने घसा खाकरला. "बरं. आठला पोचायचं तर पाळणाघरात चिऊला मी सोडत जाईन. तुझी धावपळ नको." पुढे त्याने कधीच विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

लाईनीवर टार्गेट लागलं, तिच्याच वेळेचं. आधीच्या ऑर्डरीपेक्षा हलकं होतं, पण कारखान्यात हलक्या गोष्टींची चौकशी कुणी करत नाही. पोरींच्या लक्षात आलं ते दुसरंच. नवी नमुनेवाली फार हळू शिवते. धागा काय कापते, उजेडात काय धरते, मध्येच उठून पाय काय मोकळे करते! आठवडा संपायच्या आत तिला नाव पडलं: आरामबाई.

"आरामबाई," शनिवारी जेवणाच्या सुट्टीला निघालेल्या एका पोरीने काचेच्या दारातून डोकं आत घातलं, "आजचा नग आज होईल ना? की आमच्या लग्नात आहेर म्हणून देताय?"

मागच्या पोरी खिदळल्या. त्यांच्यात चष्मेवालीही होती आणि तिच्या हाताला धरून सावकाश चालणारी तिची सून. सूनसुद्धा हसत होती. चष्मेवालीने मात्र तोंड उघडलं, "अगं ए, तुम्हाला काय ठाऊक गं..."

तिने मशीनवरूनच चष्मेवालीकडे बघत हळूच मान हलवली. नको.

"आहेरच देते," मग ती पोरीला म्हणाली. "आधी नवरा तर मिळू दे. तो माझ्यापेक्षा हळू निघालाय."

हसण्याचा लोंढा जिन्यावरून खाली उतरला. मशिनी बंद झाल्या. साहेब आपल्या खोलीत जेवत होता, घड्याळाची नाडी खुंटीला लोंबत होती.

तिने कचऱ्याच्या टोपलीतून एक लांब चिंधी उचलली आणि सुईखाली धरली. एकदा दाराकडे पाहिलं. मग पाय पूर्ण दाबला.

मशीन किंचाळल्यासारखं सुटलं. एक रेघ, वळण, दुसरी रेघ, तिला खेटून तिसरी. बोटं दिसेनाशी झाली. तिचा श्वास अडकला होता आणि ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे सैल पडले होते. बॉबिनचा दोरा संपला तेव्हा सुई दोनचार टाके नुसतीच खालीवर झाली आणि तिने पाय उचलला.

चिंधी उजेडात धरून तिने पाहिली. सगळ्या रेघा सरळ होत्या. मग ती टोपलीत टाकून तिने नवं बॉबिन भरायला घेतलं.